पिल्लांच्या आधी पिल्लांचा खाऊ

हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडा, गोधडी शिवा, पण जवळ एक वही आणि पेन ठेवा. आज काही तारखा आणि काही मापं लिहून घ्यायची आहेत.

गप्पी मासा आपल्याला नवा नाही. आरोग्य खात्याची माणसं गावातल्या हौदात, डबक्यात गप्पी सोडतात, कारण तो डासांच्या अळ्या खातो. याच गप्पीचे रंगीत, पंख्यासारख्या शेपटीचे भाऊबंद शहरातल्या दुकानात काचपेटीत विकायला असतात. त्यांच्या शेजारी मोली असतो, गोल्डफिश असतो, गुरामी असतो, आणि निळा-लाल फायटर असतो. हे शोभेचे मासे वाढवून विकायचं काम घराच्या पडवीत, परसात होऊ शकतं. जमीन लागत नाही, ओझी उचलावी लागत नाहीत. म्हणून काही गट या कामाकडे वळले आहेत.

पण या कामात एक जागा अशी आहे, की तिथे बहुतेक नवे गट अडकतात. फायटरची जोडी लावली. नरानं पाण्यावर फेसाचं घरटं केलं, मादीनं अंडी दिली. दोन दिवसांत अंडी फुटली. शेकडो पिल्लं, पापणीच्या केसासारखी बारीक, घरट्याखाली लटकलेली दिसली. सगळ्या बायका बघायला आल्या. आणि पुढच्या आठवड्यात टाकीत मोजून दहा-बारा पिल्लं उरली. कधी तेवढीही नाहीत.

मग चर्चा सुरू होते. पाणी कुणी भरलं? परवा कामाची पाळी कुणाची होती? आणि मग हळू आवाजात दुसऱ्या पाळीबद्दलही विचारलं जातं. "तिला अडचण होती, तरी तिनं टाकीत हात घातला." लोणच्याच्या बरणीचं जे होतं, तेच माशाच्या टाकीचं होतं. एखादीवर ठपका येतो आणि ती पुढच्या बैठकीला येत नाही. पैसा जातो तो जातोच, गटातलं माणूसही जातं.

म्हणून आजची गोष्ट अगदी सरळ सांगते. माशाला विटाळ कळत नाही. माशाला भूक कळते. अंड्यातून नीट निघालेली, पोहायला लागलेली पिल्लं दोन-चार दिवसांत एकदम संपतात, तेव्हा सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो उपासमारीचा. आणि उपासमार होते, कारण आपण पिल्लं झाल्यावर खाऊची तयारी करायला घेतो. तोवर उशीर झालेला असतो.

तिसऱ्या दिवसाचं उष्टावण

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाला एक छोटी पिशवी असते. त्यात अंड्यातला बलक उरलेला असतो. आईनं बांधून दिलेली शिदोरीच म्हणा. ती दोन-तीन दिवस पुरते. तोवर पिल्लाला बाहेरचं काही लागत नाही आणि खाताही येत नाही. शिदोरी संपली, की पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं आणि तोंडानं अन्न शोधायला लागतं. तो त्याच्या उष्टावणाचा दिवस. बाळाचं उष्टावण आपण मुहूर्त बघून पुढे-मागे करतो. माशाच्या पिल्लाचा मुहूर्त हलत नाही. त्या दिवशी समोर अन्न हवंच.

आता तुम्ही म्हणाल, दुकानात पावडरचा खाऊ मिळतो, तो टाकू. इथे तीन अडचणी आहेत. पहिली, तोंडाची. खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा असतो. फायटरच्या किंवा गुरामीच्या नवजात पिल्लाच्या तोंडात त्याचा चौथा भागही मुश्किलीनं जातो. दुसरी अडचण नजरेची. पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतं. तळाशी पडलेला भुगा त्याला अन्न वाटतच नाही. तिसरी अडचण पाण्याची. न खाल्लेला भुगा कुजतो, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि भुकेनं अर्धमेली झालेली पिल्लं त्या पाण्यानं पुरती मरतात.

म्हणून पहिले काही दिवस त्यांना जिवंत खाऊ लागतो. म्हणजे इतके बारीक जीव, की पिल्लाच्या तोंडात मावतील, हलतील, आणि खाल्ले नाहीत तरी लगेच कुजणार नाहीत. हा खाऊ विकत आणायची गरज फारशी नाही. केळीचं साल, पीठ, यीस्ट, मीठ आणि थोडी शिस्त यांवर तो घरी तयार होतो. आपण चार प्रकार बघू. लहान तोंडापासून मोठ्या तोंडापर्यंत, या क्रमानं.

पहिला खाऊ: केळीच्या सालीचं पाणी

याला शास्त्रात इन्फुसोरिया म्हणतात. डबक्याच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारेच जीव असतात, ते हे. फायटर, गुरामी यांच्या पिल्लांचा हा पहिला घास.

दहा लिटरची स्वच्छ बादली घ्या. त्यात क्लोरीन नसलेलं पाणी भरा. जुन्या, नीट चालणाऱ्या माशाच्या टाकीतलं अर्धा लिटर पाणी त्यात मिसळा. हे आपलं विरजण. आता केळ्याचं अर्धं साल धुऊन त्यात सोडा. वर सुती कापड नाडीनं घट्ट बांधा आणि बादली सावलीत, पण उजेडात ठेवा.

दोन-तीन दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ होईल आणि वास मारेल. इथे पुष्कळ जणी घाबरून बादली ओतून देतात. ओतू नका. तो गढूळपणा जिवाणूंचा आहे. आपले जीव हेच जिवाणू खाऊन वाढतात. आणखी चार-पाच दिवसांनी पाणी पुन्हा निवळतं आणि हलकं पिवळसर दिसतं. काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन उजेडासमोर धरा. बारीक पांढरट कण स्वतःहून फिरताना दिसले, की खाऊ तयार झाला. भिंग असेल तर आणखी चांगलं दिसेल.

पाच-सहा लिटरच्या पिल्लांच्या भांड्याला अर्धं फुलपात्र, दिवसातून तीन वेळा, असं सुरू करा. पाणी गढूळ आणि वास मारणारं असताना मात्र ते पिल्लांना कधीही द्यायचं नाही. बादलीतलं जेवढं काढलं तेवढं साधं पाणी घाला आणि दुधाचे चार-पाच थेंब सोडा. तरी ही बादली फार दिवस टिकत नाही. म्हणून तीन दिवसांनी दुसरी बादली लावून ठेवा.

दुसरा खाऊ: पिठातल्या बारीक अळ्या

यांना मायक्रोवर्म म्हणतात. दोऱ्याच्या तुकड्यासारखे पांढरे, लांबीला एक-दोन मिलिमीटर, पण जाडीला केसाइतके. नाव ऐकून कसंतरी वाटेल, म्हणून आधीच सांगते. हे पोटातले जंत नव्हेत. हे मोकळ्यावर, कुजणाऱ्या पदार्थावर जगणारे जीव आहेत. माणसाला त्यांचा त्रास होत नाही. तरीही हात साबणानं धुवायचे, आणि त्यांचा डबा स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवायचा नाही.

मक्याचं किंवा गव्हाचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट खीर करा. मीठ, साखर, तेल काही नको. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ती बोटभर जाडीची पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. वर चिमूटभर यीस्ट भुरभुरा. बेकरीत पाव फुगवायला वापरतात तेच यीस्ट. मग दुसऱ्याच्या डब्यातलं चमचाभर विरजण मध्ये ठेवा. झाकणाला सुईनं भोकं पाडून वरून कापड चिकटवा, म्हणजे चिलटं शिरणार नाहीत.

चार-पाच दिवसांत खिरीचा पृष्ठभाग चमकायला लागतो आणि अळ्या डब्याच्या भिंतीवर चढतात. तिथून त्या स्वच्छ बोटानं किंवा ब्रशनं पुसून घ्यायच्या, वाटीभर पाण्यात खळबळायच्या आणि पिल्लांना द्यायच्या. खीर पाण्यात जाऊ द्यायची नाही. दोन-तीन आठवड्यांत डबा आंबूस, पातळ होतो. त्याच्या आधीच नव्या डब्याला विरजण लावायचं. दह्याचं विरजण कसं आपण कधी संपू देत नाही, तसंच.

याचा मोठा फायदा म्हणजे वीज लागत नाही. भारनियमन असो, पाऊस असो, डबा आपला चालू राहतो.

तिसरा खाऊ: मिठाच्या पाण्यातला आर्टेमिया

आर्टेमिया हा खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा कोळंबीच्या गोतातला जीव. आपल्याकडे मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतही तो आढळल्याची नोंद आहे. त्याची अंडी सुकून कोरडी राहिली तरी मरत नाहीत. पाणी मिळालं की फुटतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सील आणि नॉर्वेतल्या रोलेफसेन यांनी दाखवून दिलं, की यातून निघणारी पिल्लं ही माशांच्या पिल्लांना उत्तम खाऊ आहेत. तेव्हापासून ही सुकी अंडी डब्यात भरून जगभर विकली जातात.

एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम साधं खडे मीठ विरघळवा. प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगा, तोंडाकडून हवेच्या पंपाची नळी सोडा. त्यात एक ग्रॅम अंडी घाला. एक ग्रॅममध्ये दोन-तीन लाख अंडी असतात, तेव्हा जास्त घालायचा मोह नको. हवा जोरात चालू ठेवा आणि दिवा लावा. उबदार हवेत २४ तासांत, थंडीत ३६ तासांपर्यंत केशरी पिल्लं निघतात.

आता हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. केशरी पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून खालच्या बाजूला विजेरी धरा. पिल्लं तिथे गोळा झाली, की बारीक नळीनं काढून घ्या, दाट कापडातून गाळा, गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच द्या. टरफलं जाऊ देऊ नका, कारण ती लहान पोटात अडकतात. आणि साठवून ठेवू नका. आर्टेमियाच्या पिल्लाचं सत्त्व म्हणजे त्याचा बलक. जसे तास जातात तसं ते कमी होतं. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, म्हणून थोडी थोडी, दिवसातून तीन-चार वेळा द्या.

हा खाऊ उत्तम, पण अंडी महाग आणि त्याला सतत वीज हवी. वीज बेभरवशाची असेल तिथे त्यावर विसंबू नका.

चौथा खाऊ: मोइना

मोइना म्हणजे पाण्यातली पिसू. अंगावर चावणारी पिसू नव्हे, पाण्यात टुणटुण उड्या मारते म्हणून हे नाव. मोठी झाली तरी खसखशीच्या दाण्याएवढी. नवजात मोइना त्याच्या निम्मी. चारही प्रकारांत गावाकडच्या गटाला सगळ्यात उपयोगी हीच, असं माझं मत आहे. ती गोड्या पाण्यातली आहे, म्हणून पिल्लांच्या टाकीत टाकली तर खाल्ली जाईपर्यंत जिवंत राहते. पाणी खराब होत नाही.

तिची आणखी एक गंमत ऐका. दिवस चांगले असले, की टाकीत सगळ्या माद्याच असतात. नराशिवायच त्या पिल्लं देतात. चार-पाच दिवसांची झाली की पहिली वेणी, आणि त्यानंतर दर दोन दिवसांनी पुढची. संकट आलं, खाणं संपलं, गर्दी झाली, की मग नर जन्माला येतात आणि टणक, काळपट अंडी दिसायला लागतात. तशी अंडी दिसली, की समजायचं, आपल्या टबात काहीतरी बिघडलं आहे.

शंभर लिटरचा टब किंवा सिमेंटची टाकी घ्या. सावली आणि थोडं कोवळं ऊन मिळेल अशी जागा बघा. एक सपाट छोटा चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम यीस्ट कोमट पाण्यात कालवून, गाळून त्यात घाला. मग मोइनाचं विरजण सोडा. पाणी निवळलं की पुन्हा अर्धा चमचा. पाणी गढूळ असताना आणखी घालायचं नाही, हा नियम पक्का लिहून ठेवा. यीस्ट जास्त झालं तर पाणी नासतं आणि एका रात्रीत सगळा टब बसतो. यीस्टऐवजी मूठभर वाळलेलं शेण पुरचुंडीत बांधून टांगलं तरी चालतं. पण गाई-म्हशीला जंताचं किंवा गोचिडाचं औषध नुकतंच दिलं असेल तर तिचं शेण घेऊ नका. ते औषध शेणातून उतरतं आणि मोइना मारतं.

आठ-दहा दिवसांत टब भरतो. रोज चौथ्या भागापेक्षा जास्त काढायचं नाही. काढताना एक युक्ती वापरा. चहाची बारीक जाळीची गाळणी आणि तिच्याखाली दुहेरी सुती कापड धरा. मोठ्या मोइना गाळणीत अडकतात, नवजात कापडावर येतात. बारीक कापडावरच्या लहान पिल्लांना, मोठ्या गाळणीतल्या मोठ्या पिल्लांना. गाळणी मात्र या कामाची वेगळी ठेवा.

आणि टब नेहमी दोन हवेत. एक बसला तर दुसऱ्यातलं विरजण लावता येतं.

आता तारखा मांडू

वही उघडा. समजा, तुमचा गट फायटरची जोडी १५ तारखेला लावणार आहे. तर उलटं मोजत जायचं.

५ तारखेला: मोइनाचे दोन टब लावा.
७ तारखेला: केळीच्या सालीची पहिली बादली. १० तारखेला दुसरी.
१२ तारखेला: मायक्रोवर्मचा डबा.
१५ तारखेला: जोडी. अंडी दिली की मादी बाजूला काढा.
१७ तारखेच्या सुमारास: अंडी फुटतात. पिल्लं घरट्याखाली लटकतात. काही खायला घालू नका.
१९-२० तारखेला: पिल्लं आडवी पोहायला लागतात. नर बाजूला काढा. केळीच्या सालीचं पाणी सुरू.
२३ तारखेपासून: मायक्रोवर्म, आणि आर्टेमिया करणार असाल तर आदल्या दिवशी अंडी भिजत घाला. जुना खाऊ एकदम बंद करू नका, दोन-तीन दिवस दोन्ही द्या.
२५ तारखेपासून: नवजात मोइना.
पुढच्या महिन्याच्या ५-७ तारखेपासून: मोठ्या मोइना, आणि हळूहळू बारीक केलेला कोरडा खाऊ.

आणि एक अट. १५ तारखेला सालीच्या बादलीत आणि मोइनाच्या टबात जीव दिसत नसतील, तर जोडी लावायची नाही. आठ दिवस पुढे ढकला. जोडी थांबू शकते, पिल्लांची भूक थांबत नाही. थंडीत तर सगळ्याच खाऊंना जास्त दिवस लागतात. डिसेंबर-जानेवारीत दोन-चार दिवस जास्तीचे धरा.

गप्पी आणि मोली यांचं थोडं सोपं आहे. ते अंडी देत नाहीत, जिवंत पिल्लं देतात, तीही पोहणारी आणि मोठ्या तोंडाची. त्यांना पहिल्या दिवसापासून नवजात मोइना किंवा आर्टेमिया चालतो. फक्त आईपासून त्यांना लगेच वेगळं करा, कारण आईच त्यांना खाते. नव्या गटानं सुरुवात गप्पीपासून करावी आणि हात बसला की फायटरकडे जावं.

पोट भरलं की नाही, हे कसं ओळखायचं? भिंगातून बघा. भरलेल्या पिल्लाचं पोट गोल दिसतं, आर्टेमिया खाल्ला असेल तर केशरी. उपाशी पिल्लाचं डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं असतं. खाऊ घातल्यावर अर्ध्या तासानं रोज एकदा बघायचंच.

आपल्या घरातले शत्रू

आता ज्या गोष्टींनी टब एका दिवसात मरतो, त्या ऐका. चार-पाचच आहेत आणि सगळ्या आपल्या घरातल्या आहेत.

पहिली, नळाचं पाणी. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. ती आपल्यासाठी हवीच, पण या जिवांना ती विष आहे. पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरा.

दुसरी, तांब्याचा हंडा. पिण्याला तो आपण चांगला मानतो. पण तांब्याचा उतरलेला अंश मोइनाला सोसत नाही. पाणी प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा.

तिसरी, फवारणी. ज्या बादलीत औषध कालवलं, ती कितीही धुतली तरी इथे चालणार नाही. शेतात फवारणी करून आलात तर आंघोळ केल्याशिवाय टबाजवळ जाऊ नका. कीटकनाशकाला या पाणपिसवा इतक्या नाजूक असतात, की पाण्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत त्यांच्याच जातभाईंचा उपयोग करतात. डास मारायची अगरबत्ती, कॉइल, लिक्विड हेही त्या खोलीत नको.

चौथी, डास. या सगळ्या बादल्या म्हणजे साठवलेलं पाणी. कापड ढिलं राहिलं तर आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, आणि डेंग्यूचा डास घराजवळच्या अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. आशाताई घरी आल्या आणि त्यांना अळ्या दिसल्या, तर त्यांचं बोलणं बरोबरच असेल. म्हणून प्रत्येक भांड्याला कापड आणि रोज सकाळी नजर. अळी दिसली तर गाळून मोठ्या माशांना घाला, त्यांना मेजवानी होते.

पाचवी, फुकटचा मोह. गटारात लालभडक बारीक किड्यांचे पुंजके असतात. त्यांना ट्युबिफेक्स म्हणतात आणि मासे ते आवडीनं खातात. पण त्यांच्याबरोबर गटारातले रोगही टाकीत येतात. तसंच तळ्यातलं पाणी जसंच्या तसं पिल्लांत ओतू नका. त्यात चतुराच्या अळ्या असतात आणि एक अळी पिल्लांचा फडशा पाडते.

आणि जाता जाता, नको झालेले शोभेचे मासे नदीत, विहिरीत सोडू नका. ते आपल्या देशी माशांच्या खाण्यावर आणि अंड्यांवर उठतात.

पाळी कामाची लावा, ठपक्याची नको

विरजण कुठून आणायचं, असा प्रश्न येईल. आधीपासून मासे वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे बघा. रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येईल. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली होती. सध्या कोणती योजना चालू आहे, कोणते कागद लागतात, हे तिथेच लेखी मागून घ्या. पण अनुदान मिळालं म्हणून आधी टाक्या आणि मासे घेऊ नका. आधी दोन महिने फक्त खाऊ पिकवून बघा. दोन टब आणि एक डबा सतत जिवंत ठेवता आला, की पिल्लंही जगवता येतील. त्याला खर्च अगदी थोडा येतो.

गटात कामं वाटून घ्या. टब एकीकडे, डबा दुसरीकडे, पिल्लांचा खाऊ तिसरीकडे. एकाच्या घरचं विरजण गेलं तर दुसरीकडचं हाताशी राहतं. आणि एक वही टाकीजवळ टांगून ठेवा. तारीख, कोणता खाऊ दिला, किती वेळा दिला, पोटं भरलेली दिसली का, पिल्लं अंदाजे किती. एवढंच लिहायचं. जिला लिहिता येत नाही, तिनं खुणा कराव्यात.

ही वही फार महत्त्वाची आहे, मैत्रिणींनो. पुन्हा कधी पिल्लं मेली, तर "कुणी हात लावला" असं विचारायच्या आधी वही उघडा. २० तारखेला खाऊ होता का, ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळेल, आणि ते कुणा बाईच्या अंगाला चिकटणार नाही. जिला अडचण आहे तिनंही हात स्वच्छ धुवावेत आणि आपली पाळी करावी. साबण मात्र नीट खळबळून काढायचा, एवढंच. हाच नियम बाकीच्या सगळ्यांनाही.

या आठवड्यात एकच काम करा. केळीच्या अर्ध्या सालीची एक बादली लावा. आठव्या दिवशी ते पाणी ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा आणि काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.